बहिऱ्या मगरीतला एव्हारिस्तो

मेलेला माणूस परत बोलू शकतो, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. मी स्वतः ऐकलं आहे. भर दिवसा, पूर्ण शुद्धीत. तो रोज दोनदा बोलायचा, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आणि संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. मेल्यावर वेळ एवढी पाळता येत असेल, तर आमच्या बारांकिया शहरातल्या बसचालकांनी काही दिवस मरून बघायला हरकत नाही, असं मला तेव्हा वाटलं. बाकी फार काही वाटलं नाही. माझा मित्र एव्हारिस्तो जाऊन आठ महिने झाले होते आणि तो गेल्यापासून मला फारसं काही वाटतच नव्हतं.

एव्हारिस्तोचा पिको होता. म्हणजे कपाटाएवढे स्पीकर, समोरच्या जाळीवर भडक चित्र, आणि गल्लीतल्या खिडक्या थरथरतील असा आवाज. त्याच्या पिकोचं नाव ‘बहिरी मगर’. चित्रातली मगर कानावर पंजा ठेवून बसलेली. दोन गाण्यांच्या मधे एव्हारिस्तो माइकमध्ये आरोळी ठोकायचा, “वाजतेय बहिरी मगर!” आणि मग हसायचा. ते हसणं अख्ख्या वस्तीला पाठ होतं.

आता तेच हसणं रिकाम्या अँप्लिफायरमधून येत होतं. ना रेकॉर्ड लावलेली, ना माइक जोडलेला.

एव्हारिस्तोच्या घराच्या अंगणात साठ-सत्तर माणसं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जण बियरच्या उलट्या क्रेटवर. मगरीच्या पायाशी मेणबत्त्या. शेजारच्या दोन्या सेनेइदानं कोपऱ्यात चूल मांडली होती आणि ती आरेपा, म्हणजे अंडं भरलेल्या मक्याच्या पुऱ्या, तळत होती, कारण आत्मा येवो न येवो, माणसांना भूक लागतेच. मधोमध पांढऱ्या सदऱ्यातले एर्मानो, म्हणजे ‘बंधू’, उर्सिनो. आत्म्यांशी बोलणं हा त्यांचा व्यवसाय. डाव्या कानात ऐकू येण्याचं बटण. कान कमजोर आहे म्हणे. जिवंत माणसांचं दोनदा सांगावं लागायचं, मेलेल्यांचं एकदाच पुरायचं.

“शांत राहा! कंपनं उतरतायत,” डोळे मिटून उर्सिनो म्हणाले.

“बेतानं उतरा म्हणावं, अंगण ओलं आहे,” मागून कोणीतरी बोललं. त्याला चौघांनी गप्प केलं.

घर्र. खर्र. आणि मग घरघरीच्या तळातून, “…जतेय बहिरी मगर!” पुढे हसणं. त्याच्यापुढे नुसता चिखल. एक शब्द लागेल तर शपथ.

उर्सिनोंना मात्र सगळं लागत होतं. “तो म्हणतो, निदिया, माझ्याकडे अख्खी ये. बोट कापू देऊ नकोस. सत्तावीस दिवस कापूर आणि रम लाव. वरच्या लोकात सुरीचं काम नाही!” एवढं बोलून त्यांनी आत्म्यासाठी आणलेल्या रमचा घोट आत्म्याच्या वतीनं घेतला.

निदिया, म्हणजे एव्हारिस्तोची बायको, समोर बसली होती. उजवा पाय स्टुलावर, पट्टीत गुंडाळलेला. तिला साखरेचा आजार. अंगठा काळा पडला होता. डॉक्टरनं गुरुवार सकाळची वेळ दिली होती आणि सांगितलं होतं की गुरुवारी एक बोट जाईल. गुरुवार चुकला, तर पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही. ती रडत नव्हती. भिंतीकडे बघावं तसं मगरीकडे बघत होती.

हा सोमवार होता.

तिच्या मुलीचा मी धर्मपिता, त्यामुळे ती मला कोंपाद्रे म्हणते आणि मी तिला कोमाद्रे. बाकी वस्ती मला प्रोफे म्हणते, कारण मी तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. गर्दी पांगल्यावर मी म्हणालो, “कोमाद्रे, मला तो अँप्लिफायर उघडू द्या.”

“एर्मानो म्हणतात, कोणी हात लावायचा नाही.”

“एर्मानोंनी बनवलेला नाही तो. मी बनवलाय.”

“माहीत आहे. माझं नेलपॉलिश संपवलंत दोघांनी.”

खरं होतं. बारा वर्षांपूर्वी मी आणि एव्हारिस्तोनं तो बोर्ड याच स्वयंपाकघरात केला होता. तांब्याच्या पत्र्यावर तिच्या लाल नेलपॉलिशनं रेषा काढायच्या, पत्रा परातीत आम्लात बुडवायचा; रेषांखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. ती परात पुढे कशालाच वापरता आली नाही, हेही तिला आठवत होतं. अँप्लिफायरला दमट हवा लागू नये म्हणून तो रोज थोडा वेळ चालू ठेवायची आमच्याकडे पिकोवाल्यांची रीत आहे. नवरा गेल्यावर ती रीत निदियानं सांभाळली. गेल्या महिन्यात एका दुपारी तिनं बटण दाबलं आणि अँप्लिफायर हसला.

“उघडला आणि तो गेला, तर?” ती म्हणाली.

“तो गेलाच आहे, कोमाद्रे.”

“तुमचं बरं आहे. तुम्ही तारा जोडता. त्यानं हृदयाची तपासणी केली होती ना? मार्चच्या नऊ तारखेला. घरी येऊन म्हणाला, सगळं नॉर्मल. चौथ्या आठवड्यात जेवता जेवता गेला. मग तपासणीवर ठेवू विश्वास, की त्याच्या आवाजावर?”

तपासणी नॉर्मल आली, हे त्यानं मलाही सांगितलं होतं.

मंगळवारी दुपारी शाळेतून घरी जाताना टॅक्सी केली. चालक विल्फ्रिदो नावाचा, नदीपलीकडच्या सोलेदादचा. रेडिओवर बाराची प्रार्थना संपली, बातम्या संपल्या, आणि माझ्या गुडघ्याजवळच्या स्पीकरमधून एव्हारिस्तो स्वच्छ ओरडला, “वाजतेय बहिरी मगर!” मग तेच हसणं, आणि पुढे, “थकलात नाचून? मग ‘गोड झोप’मध्ये या! स्प्रिंगच्या गाद्या, दोन वर्षांची हमी!”

“हे काय आहे?” मी विचारलं. आमच्या वस्तीत पिको वाजतात, प्रार्थनेचं केंद्र कोणी लावत नाही.

“हा? हा रोजच येतो. प्रार्थनेनंतर दुपारी, प्रार्थनेनंतर संध्याकाळी. पिकोवाले गाद्या विकायला लागले, प्रोफेसर. मी बायकोला म्हटलं, संपलं हे शहर.”

“उद्या बाराला मोकळा आहेस?”

बुधवारी अंगणात शंभर माणसं होती. तोपर्यंत उर्सिनोंनी अँप्लिफायरच्या मागून एक लांब तांब्याची तार काढून आंब्यावर चढवली होती; आत्म्याला उतरायला शिडी. जमिनीत गाडलेल्या गजावर ते बादलीनं ‘शांतिजल’ ओतत होते. एखाद्याला रेडिओची एरियल आणि अर्थिंग कसं करावं हे शिकवायचं असतं, तर मीही नेमकं हेच करून दाखवलं असतं.

बाराला पाच कमी असताना विल्फ्रिदोनं टॅक्सी कुंपणाला टेकवली, चारही दारं उघडली आणि आवाज वाढवला. घंटा झाल्या. प्रार्थना झाली.

“हे यंत्र बंद करा!” उर्सिनो ओरडले. “आत्मा बिचकेल!”

“रेडिओवर प्रार्थनाच तर चाललीय, एर्मानो,” दोन्या सेनेइदा म्हणाली. “आत्मा प्रार्थनेला बिचकत असेल, तर तो कुठल्या बाजूचा?”

बारा दहा. मगर घरघरली, आणि त्याच क्षणी टॅक्सी बोलली. इकडे “…हिरी मगर”, तिकडे “बहिरी मगर!”. इकडचं हसणं, तिकडचं हसणं, तंतोतंत. इकडचा चिखल, आणि तिकडे स्प्रिंगच्या गाद्या, दोन वर्षांची हमी.

चुलीवर एक आरेपा करपली.

“आत्मा सर्वव्यापी आहे,” उर्सिनो म्हणाले. “तो टॅक्सीतही शिरला!”

“आठ महिने शिरतोय,” विल्फ्रिदो म्हणाला. “भाडं देत नाही.”

“आणि गाद्यांचं काय हो?” मागचा तोच आवाज. “वरच्या लोकात पाठ दुखते का?”

दोन्या सेनेइदा मात्र उर्सिनोंच्या कानाकडे बघत होती. “एर्मानो, तुमच्या बटणाची तार सदऱ्यात कुठं जाते?” असं म्हणून, बटाट्याचं साल ओढावं तसं, तिनं ती ओढली. खिशातून सिगारेटच्या पाकिटाएवढा रेडिओ बाहेर आला. तोच बँड, तेच केंद्र. कमजोर कान त्याच्यावर जाहिरातीची वेळ साधायचा.

उर्सिनो रमची बाटली घेऊन मागच्या फाटकानं गेले.

मग मी सगळ्यांसमोर अँप्लिफायर उघडला. काही लपवायचं नव्हतं. असलंच तर माझंच होतं. बोर्डावर तारा येतात तिथला तिसरा डाग, म्हणजे कथलाचा सांधा, राखाडी, खडबडीत, हलवला तर हलणारा. कच्चा डाग. डागल्यावर मी कथील थंड होऊ दिलं नव्हतं, कारण एव्हारिस्तो घाई करत होता. अशा डागाला गंज चढला की वीज त्यातून एकाच दिशेला नीट जाते, आणि रेडिओची लहर पकडायला एवढंच लागतं. बाहेरच्या लहरी अडवायला तिथं तांदळाएवढा एक कपॅसिटर असतो. आमच्या पिकोत तो नव्हता. कोणत्याच पिकोत नसतो. तो ‘आवाजाची धार खातो’ म्हणून सगळे पिकोवाले उपटून टाकतात, आणि मी तो एव्हारिस्तोच्या सांगण्यावरून उपटला होता. बारा वर्षांत डाग गंजत गेला, गेल्या महिन्यात पुरेसा गंजला. उरलेलं काम आंब्यावरच्या तारेनं केलं. केंद्राचे बाकीचे कार्यक्रम घरघरीत बुडायचे, एव्हारिस्तोची आरोळी तेवढी वर यायची.

मी तार काढली. रेडिओची घरघर मुंगीएवढी झाली. कपॅसिटर लावला, डाग नव्याने दिला. संध्याकाळी सहा दहाला मगर गप्प होती. पाच-सहा जण थांबले होते, तेही घरी गेले.

एवढं सांगून इथं वाचकाला विनंती करायची असते, ती करतो. यंत्र बोललं तर यंत्र उघडा. पाय काळा पडला तर पायाच्या डॉक्टरकडे जा. आणि मेलेल्याचं बोलणं कोणी समजावून सांगू लागला, तर त्याच्या दोन्ही कानांत काय आहे ते बघा. याहून अवघड असं विज्ञान मला शिकवावं लागत नाही.

पण निदिया त्या संध्याकाळी सगळे गेल्यावरही तिथेच बसून राहिली होती. “रेडिओ तर रेडिओ,” ती म्हणाली. “तपासणी नॉर्मल होती, ते तरी खरं ना? मग डॉक्टरही उर्सिनोच.”

यावर बोलता येईल असं काहीतरी माझ्या खिशात होतं. त्या दुपारी मी रेडिओ केंद्रावर गेलो होतो, तिच्यासाठी त्या आवाजाची प्रत मागायला. कारकुनानं प्रत दिली, आणि सोबत ध्वनिमुद्रणाच्या नोंदीचा कागद.

“कोमाद्रे, ही जाहिरात त्यानं केव्हा केली ते इथं लिहिलंय.”

“केव्हा?”

“नऊ मार्च. सकाळी दहा ते साडेबारा.”

तिनं कागद हातात घेतला. चष्मा लावला नाही. तपासणीची वेळ साडेदहाची होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पिकोवाला गाद्या विकतो हे वस्तीला कळलं तर हसं होईल, म्हणून तपासणी चुकवून त्यानं घरी दवाखाना सांगितला होता.

तिनं उठून मगरीचं बटण बंद केलं.

“उद्या किती वाजता?” ती म्हणाली.

“सातला.”

“विल्फ्रिदोला सांगा. रेडिओ लावू नको म्हणावं.”

गुरुवारी एक बोट गेलं. पाय राहिला.

‘गोड झोप’ हे दुकान जूनमध्येच बंद झालं आहे. जाहिरात थांबवायला केंद्राला कोणी कळवलं नाही, त्यामुळे ती अजून लागते.