सत्त्याण्णव शब्द

शासनाच्या वकिलाने चष्मा पुसला आणि शपथपत्र वाचले: "मतपत्रिकेवरील सारांश शंभर शब्दांच्या आत, निःपक्षपाती आणि सर्वसामान्य मतदारास सहज कळेल असा आहे."

दुसऱ्या बाकावर बसलेल्या लोरेटा हॅलव्हर्सनने मांडीवरच्या मतपत्रिकेच्या प्रतीवर पेन्सिल टेकवली. शंभरच्या आत, हे खरे होते. शब्द सत्त्याण्णव भरले. निःपक्षपाती म्हणावे तर त्यांत 'न्यायालय' पाचदा होते, 'निर्बंध' चारदा, 'खासगी विहीर' तीनदा, आणि 'शुद्ध' एकदाही नाही.

राज्यघटनेतली मूळ दुरुस्ती एका ओळीची होती: प्रत्येक रहिवाशाला पिण्याच्या शुद्ध पाण्याचा हक्क राहील आणि तो न्यायालयात मागता येईल. ती ओळ जनमताला यावी म्हणून लोरेटाने दोन उन्हाळे जत्रेच्या फाटकाशी आणि चर्चच्या पायऱ्यांशी उभे राहून अकराशे सह्या मिळवल्या, एकेक कागद नोटरीपुढे नेला. परंतु ती ओळ मतदारापुढे जातच नाही. जातो तो सारांश, आणि तो निवडणूक खाते लिहिते. घटना बदलण्याचा अधिकार जनतेला आहे. बदल वाचण्याचा मात्र नाही.

तिच्या घरामागच्या चढावर डुकरांच्या शेडी आहेत. त्यांची घाण विहिरीत झिरपली, त्या पाण्यात कालवलेले पावडरचे दूध पिऊन सहा आठवड्यांची नात निळी पडली. मूल वाचले. लोरेटाची मुलगी त्याला घेऊन शहरात गेली आणि विहीर शुद्ध होईतो या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही म्हणाली. नात आता चार वर्षांची आहे.

सारांश किती 'सहज' कळतो, हे लोरेटाला मतदानाच्या दिवशीच कळले होते. शेजारचा ऑरिन टेस्के शाळेच्या सभागृहातून मत देऊन बाहेर आला. त्याचीही विहीर नासलेलीच.

"तुझ्या पाण्याच्या कागदावर पहिली सही माझी होती, विसरू नकोस," तो म्हणाला होता. "पण आत काय घुसडलंय बघितलंस का? कोर्टवाले आपल्या विहिरींवर येऊन बसणार म्हणे. मी 'नाही'वर खूण करून आलो, बसा म्हणावं बोंबलत. तुझं पाणी मात्र शोधून सापडलं नाही बाई. पुढच्या वर्षी आहे का?"

तिने त्याच्या कोटाची दुमडलेली कॉलर नीट केली.

"हो. पुढच्या वर्षी."

दुरुस्ती पडली, आणि लोरेटाने सारांशाविरुद्ध दावा लावला. मतदानाचा निकाल आता बदलणार नाही, साक्ष केवळ नोंदीपुरती, असे न्यायाधीशांनी सकाळीच सांगून टाकले होते. त्यामुळे सारांशाचा लेखक, खात्याचा अधिकारी ग्रेडन पिल्चर, साक्षीच्या खुर्चीत अगदी सैल बसला होता. ज्या सत्याने कुणाचे काही बिघडत नाही, ते बोलायला धैर्य लागत नाही.

मजकूर सर्वसामान्य मतदाराला कळेल, याची खात्री त्याने कशी केली, असे लोरेटाच्या वकील रूथ डॅल्बी यांनी विचारले. शासनाचा वकील अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. लोरेटाने पेन्सिल पर्समध्ये ठेवून दिली.

पिल्चरचे उत्तर नोंदीत शब्दशः असे आहे:

"आईला वाचून दाखवला. तिच्याकडेही विहीरच आहे, आणि त्या दुरुस्तीच्या कागदावर तिनंही सही केली होती. पहिले चार मसुदे ऐकून ती म्हणाली, याला मी मत देईन. पाचवा ऐकून म्हणाली, छे, याला नाही. तो छापायला पाठवला."