पहिल्या घागरीचं पाणी

"तुझ्या विहिरीचा थेंबबी नगं त्यात! वास मारतुया त्येला!" बांधापलीकडून शेजारीण कास्मिनी ओरडली.

"वास तुझ्या तोंडाला मारतुया भवाने!" तुमिरानं कमरेवर हात ठेवून परतफेड केली.

तुमिराच्या सुनेला, लास्त्रीला, सातवा लागला होता. कारांगजाती गावाची रीतच अशी, की सातव्यात पोटुशीला सात विहिरींच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं. आणि सून कुणाचीही असो, पहिली घागर तुमिराच्या विहिरीची. तिच्या मेलेल्या नवऱ्यानं खणलेली ती विहीर, गावात मानाची. पण वरच्या टेकडीवर शहराचा कचरा येऊन पडायला लागला, तसे लोक नाकं मुरडू लागले. तुमिराचा जीव थाऱ्यावर नव्हता. उठल्याबरोबर पाणी हुंगायची, चाखायची अन् स्वतःलाच बजावायची, काय झालं न्हाई.

तेवढ्यात विद्यापीठाच्या रेत्नोबाई माणसं घेऊन आल्या. टेकडीपासून एका रेघेत लोखंडी सळया ठोकत, त्यांना वायर जोडत त्या तिच्या शेताशी येऊन थांबल्या.

"बू," रेत्नोबाईंनी तुमिराला आईसारखी हाक मारली, "जमिनीत थोडी वीज सोडतो आम्ही. कचऱ्याचं पाणी झिरपलंय तिथून ती झटकन पळते, चांगल्या मातीत अडखळते. त्यावरून खालचं चित्र निघतं. रेघ तुमच्या शेतातून विहिरीपर्यंत न्यायचीय."

"माज्या शेतात लोखंड? अवो, साळ पोटुशी हाय!"

तुमिराच्या हातात केळीच्या पानावर कैरी, अननस अन् वर गूळ-मिरची होती. पोटरीला आलेल्या, पोटात लोंबी धरलेल्या साळीचे डोहाळे पुरवायला ती बांधाच्या कोपऱ्यावर निघाली होती. एका हातानं आंबट भरवायचं अन् दुसऱ्यानं अंगात सळई खुपसायची, हे कुठल्या बाईला जमेल?

"बांधावरनं न्या की."

"बांध वाकडा आहे. रेघ सरळच लागते."

"मग ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊच द्या बाई," कास्मिनी फिसकन हसली. "झाकली मूठ सव्वा लाखाची!"

लास्त्री पोटाला हात लावून दारात उभी होती. हातात पाण्याचा पेला.

"बू, साळ पोटुशी दिसली तुमास्नी. मग मी कोन? पयल्या दिसापास्नं ह्येच पानी पितीया मी."

डोहाळ्याचं पान तुमिरानं बांधावर ठेवलं, साळीपुढं हात जोडले अन् म्हणाली, "माये, येवढं सोस." मग रेत्नोबाईंच्या माणसाच्या हातातला हातोडा हिसकावून तिनं पहिली सळई स्वतःच ठोकली.

आभाळ दाटून आलं होतं, वारा पडला होता. यंत्र टिकटिक करत बसलं. तुमिरा विहिरीपासून बांधापर्यंत अन् बांधापासून विहिरीपर्यंत घिरट्या घालत राहिली. चूल पेटवली अन् तांदूळ टाकायलाच विसरली.

शेवटी पडद्यावर चित्र उमटलं. टेकडीकडून झिरपलेल्या पाण्याची एक निळी जीभ निघाली होती. ती साळीच्या मुळांखालून सरकत थेट विहिरीला लागली होती.

"पाणी तपासायला नेते," रेत्नोबाई हळूच म्हणाल्या. "पण आजपासून पिऊ नका. कास्मिनीबाईंकडची रेघ काल काढली, ती बाजू चांगली आहे."

लास्त्रीनं पेला खाली ठेवला. तुमिरानं रहाटाचा दोर सोडून गुंडाळला, घागर काखेला मारली अन् उभा जन्म जिच्याशी भांडली तिच्या दारात जाऊन उभी राहिली. हाक मारायला तोंड उघडेना.

कास्मिनीच बाहेर आली. डोक्यावर भरलेली घागर.

"कवापास्नं भरून ठिवलीया. घागर एक, अन् मान मातूर शंभर घागरींचा बाईला! चल, पोरीला पाज आधी."

तुमिराच्या डोळ्यांना धार लागली. दोघी बांधावरून निघाल्या. साळीपाशी आल्यावर तुमिराचे पाय थबकले. डोहाळ्याचं पान तसंच होतं, सळयांची भोकं चिखलानं बुजत आली होती.

"चल की गं," कास्मिनी म्हणाली.

"सुनेची सोय झाली कास्मिनी. पर हिला गं," तुमिरानं साळीवरून हात फिरवला, "हिला कुनाच्या विहिरीवर न्यायची?"