अक्षता गिळलेला माउस

मित्रांनो, या देशाला बोट धरून एकविसाव्या शतकात कोणी नेले असेल, तर ते मी. मी एक जुना माउस आहे. मला स्वतःला मात्र बुधवार पेठेतल्या दुकानातून सदाशिव पेठेत शेपटीला धरून, लोंबकळत नेण्यात आले. तेव्हा जी भीती बसली, ती आजतागायत उठलेली नाही.

सदाशिव पेठेत शर्मिला मॅडमचा संगणकवर्ग होता. चपला बाहेर काढाव्या लागत. देवाला चालते तेवढी धूळ संगणकाला चालत नसे. एका संगणकाला तीन मुले. माझ्या पोटात रबरी गोळी होती. ती फिरली की पडद्यावरचा बाण सरके. माणसाची भीती मला तळव्यावरून कळे. ‘एक बटण चुकलं की सगळं उडतं,’ असे तेव्हा सगळे म्हणत. काय उडते हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून तळवे अधिकच ओले.

कोरडा तळवा एकट्या पियुषचा. त्याने मला पहिल्या दिवशी धरले ते सोडेचना. शेजारी धायरीची श्यामला नुसती बघत बसे. तिला सोडायला आलेले तिचे वडील, संपतराव, दारातूनच म्हणाले होते, “शिक, पण काय मोडलंस तर दुसऱ्या दिशी घरी बसायचं. सांगून ठेवतो.” मी दचकलो. मोडण्याजोगा तिथे मीच होतो.

एक शिकतो आणि दोघे जांभया देतात, हे मॅडमनी पाहिले. त्यांनी नियम केला, “ज्याला येतं त्यानं फक्त तोंड चालवायचं. हात चालवायचा तो ज्याला येत नाही त्यानं.”

“पण मॅडम, ही फार हळू करते!” पियुष कुरकुरला.

“मग तू हळू बोल.”

श्यामलाने मला तापलेल्या तव्यासारखे दोन बोटांनी धरले. हळूहळू तिचा तळवा वाळू लागला.

तेवढ्यात खंडेनवमी आली. मॅडमनी यंत्रांची पूजा केली आणि मला भक्तिभावाने हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. दसऱ्यानंतर श्यामलाने मला हलवले, तर बाण जागचा हलेना.

“मॅडम, हिनं मोडला!” पियुष ओरडला.

तळवा क्षणात ओला झाला. दाराकडे बघत श्यामलाने वही पिशवीत घातली.

मॅडमनी मला उताणे करून पोटावरचे झाकण फिरवले. संपलो, असे मला वाटले. गोळी बाहेर पडली आणि मागोमाग लाल भुकटी. मला ते रक्त वाटले. मग तांदळाच्या कण्या पडल्या.

“पूजा कोणी केली होती?”

“तुम्हीच, मॅडम.”

“म्हणजे मोडला असलाच तर मी मोडला. तक्रार माझ्या वडिलांकडे न्या. ते नारायण पेठेत असतात, दुपारी झोपतात.” मग माझे सुटे अवयव श्यामलाच्या ओंजळीत ठेवून म्हणाल्या, “पूस आणि बसव.”

तिने घाईघाईने मला पुसले.

“अगं, गोळी उलटी बसवतेयस!” पियुष म्हणाला.

श्यामलाने पहिल्यांदा मान वर केली. “गोळीला उलटंसुलटं असतं होय रे?”

सगळा वर्ग हसला. पियुष सर्वांत शेवटी. त्यानेच खाली घरंगळलेले झाकण उचलून तिच्या हातात दिले. बाण सरकला. पिशवीतली वही पुन्हा बाहेर आली.

पुढे प्रत्येक नव्या तुकडीचा पहिला धडा तोच ठरला: मला उघडायचे आणि मिटायचे. घाबरट मुलांजवळ श्यामला बसे, आणि पियुष हात मागे बांधून समजावून सांगे. त्यांची भीती जाई. माझी नाही; पोट उघडून घ्यायची सवय होत नसते.

मग लाल दिव्याचे, बिनगोळीचे माउस आले. मी पुन्हा बुधवार पेठेत, एका दुकानाबाहेरच्या टोपलीत आहे. कोणी वाकले की धडकी भरते.

मित्रांनो, ज्याला येत नाही त्याच्या हातात आधी द्या. बिघडले तर बोट दाखवू नका, सगळे मिळून उघडून बघा. यावर देशाचे भवितव्य अवलंबून आहे, असेही म्हणणार होतो. पण श्यामलाने घाईत पुसले, त्यात एक कणी आत राहिली आहे. टोचते हो. कोणाचे नख वाढलेले असेल, तर जरा बघता का?