गोदामाची जागा

करी रोडच्या पुलाजवळ कापसाच्या गाठी ठेवायचं एक जुनं गोदाम होतं. ते पाडलं आणि जागा म्युनिसिपालटीकडे आली. तिथे काय बांधायचं हे ठरायचं होतं, आणि ते ठरवणाऱ्यांत बकुळा तोरसकर होत्या.

बकुळाबाई लालबागच्या म्युनिसिपल शाळेत तिसरीचा वर्ग शिकवायच्या. सत्तावन्न साली म्युनिसिपालटीच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने उभं राहायला कोणी बाई हवी होती, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि उभ्या राहिल्या. निवडूनही आल्या. प्रचारात त्यांनी चाळीतल्या बायकांना बाळंतपणाचा दवाखाना कबूल केला होता आणि दादरच्या सभेत कॉलेजच्या मुलांना वसतिगृह. दोन्ही गोष्टी मनापासूनच बोलल्या होत्या. त्यासाठी भागात मोकळी जागा एकच निघेल, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

सगळ्यात आधी जगदीश आला. हा खेडकडचा मुलगा, कायदा शिकत होता.

"बाई, आमची खोली बघायला चला," तो म्हणाला. "इथे बसून नाही कळायचं."

त्या गेल्या. दर जूनला कोकणातून, घाटावरून, आता तर मराठवाड्यातूनही मुलं मुंबईत येत होती. कॉलेजं वाढत होती, राहायला जागा मात्र वाढत नव्हती. जगदीशच्या खोलीत मुलं आणि गिरणी कामगार एकत्र राहायचे. रात्रपाळीचा माणूस सकाळी आला की मुलाने उठून त्याला वळकटी मोकळी करून द्यायची. एक मुलगा जिन्यातल्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसला होता. येणारा-जाणारा त्याला ओलांडून जात होता आणि तो मान वर करत नव्हता.

"नळावर रोज भांडण," जगदीश म्हणाला. "चाळवाले म्हणतात, तुम्ही उपरे. चूक त्यांचीही नाही. पाणी तेवढंच, माणसं दुप्पट."

त्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत तुळसाबाय राहायची, मालवणकडची. तिचा नवरा गिरणीत राबूनच खपला होता. छप्पन सालच्या जानेवारीत गोळीबार झाला, तेव्हा पोलिसांपासून पळणाऱ्या जगदीशला तिनेच खोलीत ओढून घेतलं होतं आणि गोधड्यांच्या ढिगामागे बसवलं होतं. तेव्हापासून तो तिला मावशी म्हणायचा. बकुळाबाई जिना उतरू लागल्या तशी ती दारात आली.

"बाई, त्येंची खोली बगलंत, आता माजी पण बगा."

आत तिची सून पाट्यावर मसाला वाटत होती. वर न बघता तिने पदर सावरला.

"दोन वर्सां झाली," तुळसाबाय म्हणाली. "दुखाक लागली तेवा गाडी गावली नाय. हातगाडीवर घालून न्हेलंव. रस्त्यारच पोर गेला. आता परत दिवस गेलेत तिका. ती बोलणा नाय, पण तिका भ्या वाटता."

सुनेचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

घरी गेल्यावर बकुळाबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. सीताराम गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. माणसं सांभाळायची त्याला सवय होती.

"पुढे ढकल," तो म्हणाला. "म्हणायचं, विचार चालू आहे. सगळेच तसं म्हणतात."

"आणि जागा?"

"जागा कुठे पळून जाते?"

"जागा नाही जात," बकुळाबाई म्हणाल्या. "पण तुळसाबायच्या सुनेचे दिवस भरतील त्याचं काय?"

सीताराम ताट पुढे ओढून जेवू लागला.

पुढच्या रविवारी सकाळी बकुळाबाईंनी दोन्हीकडच्या लोकांना त्या मोकळ्या जागेवरच बोलावलं. बायका एका बाजूला बसल्या, मुलं दुसऱ्या बाजूला उभी राहिली. बाईंनी सरळ सांगितलं, "मी दोघांनाही शब्द दिलाय आणि तो मला पाळता येणार नाही. इथे दोन्ही मावत नाही. मी दवाखान्याच्या बाजूने मत देणार आहे."

मुलांत गलका झाला. जगदीश पुढे आला.

"चळवळीत लाठ्या कोणी खाल्ल्या, बाई? मुंबई आपली व्हावी म्हणून आम्ही रस्त्यावर आलो. आणि त्याच मुंबईत आम्हाला पाठ टेकायला जागा नाही?"

"खरं आहे तुझं."

"खरं आहे तर मग?"

तेवढ्यात तुळसाबाय उठली.

"झिला, तुका जागा व्हयी, माका म्हायत हा. पण तू आज जिन्यात बसान वाचशीत. माज्या सुनेन जिन्यात काय करूचा?"

जगदीशने तिच्याकडे पाहिलं. मग तो वळला आणि पुलाच्या दिशेने चालू लागला. इतर मुलं त्याच्या मागे गेली.

सभागृहात ठराव दवाखान्याच्या बाजूने झाला. त्यानंतर दोन दिवसांनी मुलांनी बकुळाबाईंच्या चाळीखाली काळे झेंडे दाखवले. मंत्र्यांच्या गाड्यांपुढे असेच झेंडे बाईंनी स्वतः धरले होते. त्या खाली उतरल्या आणि घोषणा संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. जगदीशने झेंडा धरला होता, पण घोषणा देत नव्हता. बाईंना त्याचंच जास्त लागलं.

जिन्यातल्या दिव्याखालचा तो मुलगा मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. एक दिवस त्या आपल्या जुन्या शाळेत गेल्या. शाळा संध्याकाळी रिकामी पडायची. त्यांनी हेडमास्तर दौलतरावांना विचारलं, "दोन वर्ग मुलांना अभ्यासाला दिले तर?"

"बाई, बाकं मोडतील. विड्या ओढतील. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी बसते रोज. किल्ली माझ्याकडे द्या."

दौलतराव हसले. पण बाई दर आठवड्याला येत राहिल्या, वरच्या साहेबांनाही भेटत राहिल्या, आणि दिवाळीनंतर परवानगी मिळाली. पहिल्या संध्याकाळी तीन-चारच मुलं आली. बाकं तिसरीच्या पोरांची, मुलांचे गुडघे त्यात मावेनात. मग सगळे जमिनीवरच बसले. बाई कोपऱ्यात स्वेटर विणत बसायच्या. हळूहळू दोन्ही वर्ग भरू लागले.

जगदीश महिनाभराने आला. बाईंकडे न बघता भिंतीला टेकून बसला. वर्ग बंद करायची वेळ झाली तेव्हा मागे थांबला.

"मावशीच्या सुनेला मुलगी झाली," तो म्हणाला. "मी टॅक्सी बोलावून आणली. मोठ्या इस्पितळात वेळेवर पोचलो आम्ही."

"दवाखाना व्हायच्या आधीच?"

"दवाखान्याचा तर अजून पायाही खणला नाही." त्याने पुस्तकं काखेत मारली. "बाई, माझा राग गेलेला नाही. वसतिगृह आम्हाला पाहिजेच."

"मग मागत राहा. मी थकले म्हटलं तरी मागत राहा."

बाईंनी शीवच्या बाजूला एका जागेसाठी खटपट केली, ती मिळाली नाही. आणखी एक हेरून ठेवली. दवाखान्याच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा एकोणसाठ संपत आलं होतं.

साठ सालच्या एक मेला महाराष्ट्र झाला. लालबागला रस्ताभर तोरणं होती, गुलाल उधळला जात होता. अभ्यासाचे वर्ग त्या संध्याकाळी बंद राहतील असं बाईंनी धरलं होतं. तरी त्या एक फेरी मारायला गेल्या, तर पायरीवर दोन मुलं किल्लीची वाट बघत बसली होती. त्यांच्या अंगावर गुलाल होता, आणि परीक्षा जवळ आली होती. बाईंनी कुलूप काढलं, दिवे लावले आणि बाहेरचा ढोल आत ऐकू येऊ नये म्हणून रस्त्याकडच्या खिडक्या ओढून घेतल्या.