शनिवारच्या वर्गातली नातेवाईक

“डॉक्टर, माणूस गेला हे त्याच्या घरच्यांपासून किती दिवस लपवलं तर चालतं?”

प्रश्न वैजयंतीचा नव्हताच. कॉलनीतल्या शिवांगीने आणि तिच्या टोळक्याने पैज लावली होती, “हिंमत है तो आंटी की क्लास में पूछ के दिखा.” वैजयंतीला हिंमत दाखव म्हणणं म्हणजे माशाला पोहून दाखव म्हणण्यासारखं. कोरोनातून उठल्यापासून तर तिला पंखच फुटले होते.

तिची आई, डॉक्टर नलिनी, भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये इस्पितळाचा इमर्जन्सी विभाग सांभाळायची. शिकाऊ डॉक्टरांना एकत्र बसवायला बंदी, म्हणून दर शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून त्यांचा वर्ग घ्यायची. पेशंट व्हायला घरचंच माणूस होतं. वैजयंती बेशुद्ध पडायची, धापा टाकायची, आणि एकदा तर इतकी झकास मेली की ग्वाल्हेरच्या एका मुलाने चक्क टाळ्या वाजवल्या.

आजचा धडा निराळा होता. नातेवाइकांना आत सोडत नाहीत, तेव्हा वाईट बातमी फोनवर कशी द्यायची? वैजयंती आज पेशंटची मुलगी झाली होती.

“आधी विचारा, जवळ कोण आहे,” आई सांगत होती. “मग आडपडदा नको. ‘सीरियस हैं’ म्हणू नका, ‘भगवान के पास गए’ म्हणू नका. ‘मृत्यु हो गई है’ असं स्वच्छ म्हणा. खोटी आशा लावलीत, तर ते माणूस पुन्हा कुणावर विश्वास ठेवणार नाही.”

आणि तेवढ्यात हा प्रश्न. वैजयंतीला वाटलं होतं, आई डोळे वटारेल, पोरं हसतील. आईने चष्मा काढला, पुन्हा घातला. “पाच मिनट का ब्रेक,” असं म्हणून तिने कॅमेरा बंद केला आणि उठून न्हाणीघरात गेली.

वैजयंतीने शिवांगीला फोन लावला. “अरे, मम्मी तो एकदम सफेद पड़ गई. ये सवाल सूझा किसको था?”

शिवांगी रडवेल्या आवाजात म्हणाली, “सॉरी यार. आंटी ने सबको कसम दी थी. पर तू रोज मामाजी की बातें करती है, हमसे सुना नहीं जाता. तू उनको फोन लगा. मैसेज नहीं, फोन.”

केशवमामा, आईचा धाकटा भाऊ, नेहरू नगरला राहायचा. वैजयंतीला स्कूटर त्यानेच शिकवली. तिला ताप आला त्याच आठवड्यात तो आईच्या इस्पितळात दाखल झाला होता. तोंडावर मास्क आहे, बोलता येत नाही, असं बाबांनी सांगितलं होतं. म्हणून ती त्याला रोज बोलून निरोप पाठवायची आणि तिकडून रोज एक अंगठा यायचा. मामी मात्र फोन उचलत नव्हती. “दमते गं ती,” आई म्हणायची.

वैजयंतीने नंबर लावला. रिंग गेली, आणि पलीकडच्या खोलीत बाबांच्या कपाटात एक फोन वाजू लागला.

ती पोचली तेव्हा बाबा कपाटापुढे उभे होते. दार उघडायला त्यांचा हात धजत नव्हता.

“अंगठे तुम्ही पाठवत होतात?”

“तुला ताप होता, बेटा. ऑक्सिजन खाली जात होता. म्हटलं, आत्ता धक्का नको.”

“मी केव्हाची खाली बॅडमिंटन खेळतेय, बाबा.”

“हो. पण उद्या सांगू, उद्या सांगू करता करता... तू इतकी खुशीत असायचीस.”

वैजयंतीला एकदम काहीतरी आठवलं. “ते लाडू कसले होते? मामीकडून तुम्ही डब्यातून आणलेले?”

“तेराव्याचे,” बाबा म्हणाले. मामाच्याच तेराव्याचे लाडू तिने मिटक्या मारत खाल्ले होते आणि वर त्यालाच निरोप धाडला होता, ‘मामा, मामीला सांग, एक नंबर.’ त्यालाही अंगठा आला होता.

आई दारात येऊन उभी राहिली. तोंड धुतलेलं, पदर ओला.

“तो गेला तेव्हा मीच ड्युटीवर होते,” ती म्हणाली. “तुझ्या मामीला मीच फोन केला. जसं शिकवते तसंच, स्वच्छ सांगितलं. तुझ्यासमोर आले की जीभच उचलायची नाही.”

“कॉलनीतल्या पोरांना शपथ घालताना उचलली.”

“वैजू.”

“आणि मामी?”

“मी खोटं बोलणार नाही म्हणाली. म्हणून तुझा फोन घेत नव्हती.”

बाहेर लॅपटॉपमधून एक मुलगा अदबीने विचारत होता, “मैडम, आप आ गईं क्या? आवाज नहीं आ रही.” त्याच्याकडे कुणीच गेलं नाही.

वैजयंतीने दप्तर ओढलं, वह्या पलंगावर ओतल्या आणि त्यात कपडे कोंबायला लागली. घरात तिचा आवाज नेहमी जिन्यापर्यंत ऐकू जायचा. आता तो इतका हळू निघाला की आईला दोन पावलं पुढे यावं लागलं.

“मी मामीकडे राहायला जातेय. आत्ता.”

“मी सोडतो,” बाबा म्हणाले.

“नको. कर्फ्यू उठलाय, रिक्षा मिळते. शाळा फोनवरच भरते, ती तिथूनही भरेल. आणि परत कधी यायचं ते मी मामीला विचारून ठरवीन. तुम्हाला दोघांना विचारून नाही.”