डुकराच्या खुंटीला पालवी

कोपिलने डुक्कर बांधायला ठोकलेल्या काठीला पालवी फुटली आणि सगळा घोटाळा झाला.

काठी तांगेटाची होती. लाल पानांचं हे झुडूप मातीला टेकलं की रुजतं, हे पापुआच्या डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण नवरा गेल्यापासून कोपिलचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हाताला लागली ती काठी तिने आपल्या रताळ्यांच्या वाफ्यापलीकडे, थोरल्या दिराच्या रानात ठोकली, डुक्कर सोडवून नेलं आणि विसरून गेली. तांगेट लावतात ते शेताच्या हद्दीवर, तेही पुरुषांनी. आणि एकदा लावलेलं उपटायला कोणी धजत नाही. उपटणाऱ्याच्या घरात दुखणं शिरतं.

दीर दाम्बा आला तो तणतणतच.

"वा गं! भाऊ जाऊन वर्ष नाही झालं, आणि हद्द सरकवलीस?"

"भावोजी, डुकराची खुंटी आहे हो ती!"

"खुंटीला पानं येतात होय?"

"आली ना! मी काय करू?"

"रताळी काढ आणि माहेरी चालती हो."

लेकीला घेऊन कुठल्या तोंडाने माहेरी जायचं? कोपिल झुडपापाशी फतकल मारून बसली आणि बोटांनी माती उकरू लागली.

"ए, उपटू नकोस!"

"उपटत नाहीये. जरा बघा तरी."

तांगेटाचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, गळलेल्या पानाच्या खुणेच्या वरच्या बाजूला असतो. इथे तो खुणेखाली होता, आणि कोंब आधी जमिनीकडे निघून मग वळून वर आला होता.

"शेंडा मातीत आहे, भावोजी. हद्द कोणी अशी उलटी लावतं का?"

दाम्बा उकिडवा बसला. खोडावरून अंगठा फिरवत राहिला आणि एकदम खो खो हसत सुटला.

"डोकं खाली, पाय वर! भाऊ तुला वेंधळी म्हणायचा, ते काही खोटं नव्हतं."

"रोज म्हणायचे," कोपिल म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. दाम्बाचेही डोळे भरून आले.

मग त्याने मुळं मातीत तशीच ठेवून सुरीने तो कोंब खोडासकट अलगद कापून घेतला आणि तिच्या झोपडीकडे निघाला. दाराशी खड्डा केला, कोंब सरळ उभा लावला, पायाने माती दाबली.

"हे माझ्या हातचं," तो म्हणाला. "आता कोणी तुला जा म्हणालं, तर सांग, आधी हे उपटून दाखव. मी म्हणालो, तर मलाही सांग."