आकारामनं बुजवलेलं भगदाड

आटपाडीकडच्या आकारामची सगळी हयात मेंढरांमागं गेली होती. त्यामुळे पडकी भिंत दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. पुतण्याच्या जीपमधून भावकी कोकण बघायला निघाली आणि समुद्रात घुसलेल्या टेकडीवरच्या पडक्या किल्ल्यापाशी थांबली. दरवाजा कधीच ढासळून दगडमातीनं बंद झालेला. आत जायला तटातलं एक भगदाड तेवढं होतं.

“हा किल्ला शत्रूला कधीच जिंकता आला नाही,” गाईड छाती फुगवून म्हणाला.

“माझं गुडघं दुखत्यात, मी हितंच बसते,” म्हणत आकारामची बायको हरणाबाई भाकरीचं गठुडं घेऊन बाहेर सावलीत टेकली. बाकीचे गाईडमागं तोफा बघायला आत लांब गेले. आकाराम मात्र भगदाडाच्या आतल्या अंगाला घुटमळला. तीन बाजूंनी समुद्र, चौथीला तट. मेंढरं कोंडायला इतकी झकास जागा, आणि तिला एवढं मोठं खिंडार? एखादं कोकरू निसटलं म्हणजे?

त्यानं पडलेले दगड एकावर एक चढवले, फटींत कपच्या ठोकल्या आणि वर करवंदीच्या काट्या रचल्या. भावकी परतली तेव्हा भिंत छातीच्या वर गेली होती आणि बाहेर पडायला वाटच उरली नव्हती.

“काका, हे काय करून ठेवलंत?” गाईड रडकुंडीला आला.

“आता लांडगंबी शिरायचं न्हाई,” आकाराम मिशीत हसला.

तेवढ्यात तटापलीकडून हरणाबाई ओरडली, “आवं, गड कुणाला घेता येत न्हाई म्हनं! लढवा की मंग. भाकऱ्या माझ्यापाशी हायत.”

गठुडं सुटलं. ठेच्याचा वास तट ओलांडून आत आला.

पहिला दगड आकारामनंच काढला.